सिस्टरांचा तिसरा गिअर

भोकरदनचे साळवे सर माझ्या गॅरेजमध्ये पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या हातात डॉक्टरची चिठ्ठी होती. मला वाटलं, औषधाचं दुकान शोधून राह्यलेत. मी म्हणालो, "मेडिकल पुढच्या गल्लीत आहे, सर."

"नाही," सर म्हणाले, "हे औषध तुमच्याकडेच मिळेल असं डॉक्टर म्हणाले."

चिठ्ठीवर वर इंग्रजीत गोळ्यांची नावं होती आणि खाली मराठीत लिहिलं होतं : 'उजवा हात व खांदा, पूर्ण आराम. गाडी आधी दुरुस्त करून घ्यावी.'

मी चाळीसेक वर्षं जालन्यात मोंढ्याच्या धान्यबाजारामागं गिअरबॉक्स खोलतोय. आमच्या घरात माझ्या आधी सगळ्यांनी मेंढरं राखली. मीच एकटा दातांच्या चाकांमागं लागलो. गाडी बिघडली म्हणून रडत आलेले लोक मी पुष्कळ पाहिलेत, पण बायकोचा खांदा दुखतो म्हणून गाडी आणलेली ही पहिलीच वेळ.

गाडी पांढरी, जुनी, चार गिअरची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. उगाच कुणाला वाटायचं की खोट गाडीत होती. खोट तिच्या वयात होती. सर मुख्याध्यापक म्हणून रिटायर झालेले, आयुष्यभर गणित शिकवलेलं. त्यांच्या घराण्यातली ही पहिली मोटार, त्यामुळं ती विकायचं नाव काढलं की ते बहिरे व्हायचे. त्यांच्या मंडळी विमलताई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. मीही तेच म्हणायला लागलो.

"मागं बसा आणि बघा," सर म्हणाले. मी मागं बसलो. सिस्टर डावीकडच्या सीटवर बसल्या. त्यांनी पदर कमरेला खोचला, बांगड्या कोपराकडं सरकवल्या, पट्टा लावला. मला वाटलं, गाडी ह्याच चालवतात की काय.

पहिला पडला, दुसरा पडला. अंबड चौफुली मागं टाकली आणि सर म्हणाले, "विमल, तिसरा."

सरांनी दांडा तिसऱ्यात टाकून हात काढला, त्याच क्षणी सिस्टरांचा उजवा हात दांड्यावर. नुसता ठेवलेला नाही, तर खांद्यापासून जोर देऊन दाबलेला.

"सोड."

हात निघाला, चौथा पडला. पुढं गर्दी लागली.

"विमल, तिसरा."

पुन्हा हात.

"हे कवापासून चालू आहे?" मी मागून विचारलं.

"अकरा वर्षं," सिस्टर म्हणाल्या. "मनीषाच्या बारावीपासून." मनीषा म्हणजे त्यांची एकुलती मुलगी.

"आणि सोडलं तर?"

सर 'नको' म्हणायच्या आत सिस्टरांनी हात उचलला. दांडा खट्कन मधे येऊन बसला, इंजिन मोकळं ओरडलं, गाडीचा जोर गेला आणि मागच्या टेम्पोवाल्यानं आमच्या तिघांच्या घरच्यांची विचारपूस केली.

"राजूरच्या उतारावर मला एकदा शिंक आल्ती," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "तवापासून गाडीत बसायच्या आधी सर मला विचारतात, सर्दी न्हाई ना."

कामाला मुदत होती. मनीषा परतूर तालुक्यात आष्टीला शिक्षिका. तिनं स्वतःच्या पगारातून घर बांधलं होतं आणि पुढच्या रविवारी दुपारी बारा वाजता नव्या घरात बुद्धवंदना होती. सरांना त्या दारात आपल्या गाडीतून उतरायचं होतं. सिस्टरांना खांदा जाग्यावर ठेवून उतरायचं होतं. हातात आठ दिवस होते आणि मी शेखी मिरवत म्हणालो, "सातव्या दिवशी गाडी तयार."

आता जरा गिअरबॉक्सबद्दल सांगतो. लोकांना वाटतं, दांडा हलवला की आतली चाकं उचलून इकडची तिकडं होतात. तसं नसतं. पुढं जायच्या गिअरची चाकं कायम एकमेकांत अडकलेलीच असतात. दांडा हलवला की एक लोखंडी कडं सरकतं आणि हव्या त्या चाकाच्या बारीक दातांना जाऊन पकडतं. त्या कड्याला सरकवणारा एक चिमटा असतो, त्याला आम्ही फोर्क म्हणतो. दात टोकदार असले तर पकड राहते. ते झिजून गोल झाले की पायाखालचा जोर कमी होताच कडं घसरतं आणि गिअर बाहेर येतो. एवढीच गोष्ट आहे. बाकी सगळा पसारा ऑइलचा.

गिअरबॉक्स उतरवून खोलला तेव्हा सर आणि सिस्टर दोघं भोकरदनहून बसनं मुद्दाम बघायला आले. तिसऱ्याचे दात म्हाताऱ्या माणसाच्या हिरड्यांसारखे झाले होते. बेअरिंग ढिलं. आणि फोर्क? त्याची दोन्ही टोकं नखाएवढी पातळ. मी तो सिस्टरांच्या हातात ठेवला.

"हा असा कशानं झाला?"

मी जरा घुटमळलो. "दांड्यावर कायम जोर राहिला की हा कड्याला घासतो, सिस्टर. झिजतो."

त्या थोडा वेळ फोर्क फिरवून बघत राहिल्या. "म्हणजे मी धरलं म्हणून झिजलं, आणि झिजलं म्हणून मी धरत होते?"

"दोन्ही बराबर आहे."

"मंग सुरुवात कुणी केली?"

मी म्हणालो, सुरुवातीला कुणाला तरी गाडी चालवताना दांड्यावर उगाच हात ठेवून बसायची सवय असणार. सिस्टरांनी सरांकडं पाहिलं. सरांनी गॅरेजच्या पत्र्याकडं पाहिलं.

"आधीच्या मालकाची असेल," सर म्हणाले.

"आधीचा मालक शाळेच्या गेटपाशी एका हातानं स्टिअरिंग धरून मुलांना दाखवत होता काय, गाडी कशी चालवायची?"

सरांना एकदम बसची वेळ आठवली.

बेअरिंग, पितळी रिंगा, ऑइलसील जालन्यात मिळालं. तिसरा गिअर, कडं आणि फोर्क कुठंच नव्हतं. संभाजीनगरच्या भंगार बाजारात दोन दिवस गेले. तिथला एक जण म्हणाला, "चाचा, ये गाडी अब सिर्फ शादी के फोटो में मिलती है." पाचव्या दिवशी पत्ता लागला. अंकुशनगरला कारखान्यातून रिटायर झालेल्या एका काकांच्या घरामागं हीच गाडी पत्र्याखाली उभी होती. मी पोचलो. गिअरबॉक्स द्यायला काका एका शब्दात तयार. अडचण काकूंची होती. गाडीत कोंबड्या राहत होत्या, आणि ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर एक खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली होती.

"गिअरबॉक्स खुशाल न्या," काकू म्हणाल्या. "पण कोंबडी उठता कामा नये. तेरा अंडी आहेत."

"काकू, दांडा आतूनच काढावा लागतो. तिच्या शेजारूनच."

"मंग हळू काढा."

मी ज्या हातानं गिअरबॉक्स खोलतो त्या हाताचं जालन्यात नाव आहे. त्या हाताला त्या कोंबडीनं दीड तासात सोळा टोचे मारले. एक बोल्ट फिरवायचा आणि हात मागं घ्यायचा, दुसरा फिरवायचा, हात मागं. काकू खिडकीतून कोंबडीलाच धीर देत होत्या, "बस गं बाई, बस. आत्ता जाईल तो." शेवटी मी गाडीखाली घुसलो, छातीवर गिअरबॉक्स घेतला आणि बाहेर आलो. वर ती जागची हलली नव्हती. काकूंनी मला चहा दिला, आणि कोंबडीला तांदूळ.

हा प्रसंग इतका रंगवून सांगितला त्याला कारण आहे. तो मी गॅरेजवर येईल त्याला सांगत सुटलो, आणि तिथंच घात झाला.

जुळणीचं काम शांतपणे करायचं असतं. एकेक भाग रॉकेलच्या ट्रेमध्ये धुवायचा, पुसायचा, ऑइल लावून बसवायचा. त्या दिवशी शेजारचा टायरवाला आला होता. मी हातानं जुळणी करतोय आणि तोंडानं कोंबडी सांगतोय. सगळं बसलं. झाकण बसलं. गिअरबॉक्स गाडीत चढवला, स्वतः बदनापूरपर्यंत चालवून आलो. तिसऱ्यात टाकला की दगडासारखा राहत होता. उतारावर पाय सोडून बघितलं, दांडा तसूभर हलला नाही. मी स्वतःवरच खूश झालो.

रविवारी सकाळी आठला दोघं बसनं आले, तयार होऊन. सर पांढऱ्या सफारीत, सिस्टर निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीत. मी चावी दिली. सिस्टरांनी सवयीनं पदर खोचला, मग लक्षात आल्यावर सोडला आणि हात मांडीवर ठेवून बसल्या. गाडी मंठा रोडला लागली.

साडेआठला मी ट्रे धुवायला घेतला. रॉकेल ओतलं आणि तळाशी काहीतरी वाजलं. करंगळीच्या पेराएवढी एक पिन.

त्या पिनेचं काम असं, की एक गिअर पडलेला असताना दुसरा पडू द्यायचा नाही. दांडा स्वच्छ हातानं टाकला तर पिनेवाचून काही अडत नाही, म्हणून मला बदनापूरपर्यंत कळलं नव्हतं. पण घाईत, अर्धवट ओढला, तर दोन गिअर एकदम पडतात. मग गिअरबॉक्स जाम. गाडी वेगात असली तर चाकंच धरली जातात.

सरांना फोन लावला, बंद. गाडी चालवताना फोन बंद ठेवायचा हा त्यांचा नियम. सिस्टरांचा वाजला, उचलला नाही. पिन खिशात टाकली, हत्यारांची पिशवी गळ्यात अडकवली आणि मोटारसायकलला लाथ मारली. एकच आशा होती, सर चाळिसाच्या वर जात नाहीत. रस्ताभर प्रत्येक पांढरी गाडी दिसली की नंबर वाचत होतो.

वाटूर फाट्याच्या अलीकडं रस्त्यात मेंढरं पांगलेली दिसली, आणि त्यांच्या मधोमध सरांची गाडी. दोघं बाहेर उभे, धडधाकट. मी मोटारसायकल लावली आणि आधी तिथंच खाली बसलो.

"काशिनाथराव!" सर म्हणाले. "तुम्ही कसे काय? अहो, मेंढरं आडवी आली, मी घाईत दुसरा टाकायला गेलो आणि गाडी खिळल्यासारखी झाली. पुढंही नाही, मागंही नाही. चूक माझीच. मी नीट टाकला नाही."

मला वाट मोकळी होती, हे कबूल करतो. 'नवीन माल आहे सर, जरा कडक असतो' एवढं म्हणालो असतो तर भागलं असतं. झाकण खोलून पिन गुपचूप बसवली असती आणि सरांनी वर आभार मानले असते. तोंड उघडलंही. पण सिस्टर माझ्याकडं बघत होत्या. बत्तीस वर्षं पेशंटचे चेहरे बघितलेली बाई.

"जालन्याहून एवढ्या घाईत आलात," त्या म्हणाल्या. "सरांनी तर तुम्हाला फोन केला न्हाई. मंग कशानं आलात?"

मी खिशातून पिन काढून हातावर ठेवली. "ही बसवायची राहिली, सिस्टर. सरांची काही चूक न्हाई. माझी आहे."

सिस्टरांनी पिन उचलून बघितली.

"आमच्याकडं ऑपरेशनला टाके घालायच्या आधी सगळं मोजतात," त्या म्हणाल्या. "कापसाचे बोळे, कात्र्या, चिमटे. आधी किती होते, आता किती आहेत. एक कमी भरला तर डॉक्टर कितीबी मोठा असो, त्याला थांबवायचं. तुमच्याकडं कोण मोजतं?"

"कुणी न्हाई."

"आज मी मोजते. करा चालू."

या गाडीचं एक बरं होतं. दांड्याच्या खालचं झाकण गाडीच्या आतूनच काढता येत होतं. सगळ्यांनी मिळून गाडी फरफटत कडेच्या लिंबाखाली घेतली. मेंढपाळानंही हात लावला. मी आत वाकलो. सिस्टरांनी जेवणाच्या डब्याचं झाकण हातात धरलं आणि निघेल तो भाग त्यात ठेवत गेल्या.

"बोल्ट सहा. झाले सहा. स्प्रिंगा तीन. ह्या लोखंडी गोळ्या किती असतात?"

"तीन."

"दोनच आहेत."

तिसरी माझ्या बाहीला ऑइलनं चिकटलेली निघाली. सर बाहेरून माझ्या डोक्यावर छत्री धरून उभे होते आणि दर पाच मिनिटांनी वेळ सांगत होते. "दहा पन्नास." "दहा पंचावन्न." गणिताच्या पेपराला बसल्यासारखा मी घामाघूम. एकदम पडलेल्या दोन्ही गिअरची कडी पेचकसनं मोकळी केली, पिन तिच्या जागी गेली, झाकण बसलं. डब्याच्या झाकणात काही उरलं नव्हतं. सिस्टरांनी ते उलटं करून झटकून दाखवलं आणि मगच म्हणाल्या, "घाला टाके."

सर स्टिअरिंगवर बसले. पहिला टाकला, दुसरा टाकला आणि तिथंच थांबले. गाडी दुसऱ्यात गुरगुरत चालली, मागून मी मोटारसायकलवर. अर्ध्या किलोमीटरवर त्यांनी गाडी कडेला घेतली.

"तिसरा टाकायचा धीर होत नाही," ते म्हणाले.

मग मोटारसायकल फाट्यावरच्या चहावाल्याकडं ठेवली आणि मी गाडी आष्टीपर्यंत नेली. मनीषानं वंदना थांबवून ठेवली होती. सर आपल्या गाडीतून लेकीच्या दारात उतरले, जरा उशिरा आणि मागच्या सीटवरून, पण उतरले. जेवताना पाहुण्यांनी मला विचारलं, आपण कोण? मी घास गिळायच्या आत सिस्टर वाढता वाढता म्हणाल्या, "हे जालन्याचे गिअरबॉक्सवाले. हेच पिन विसरले आणि ह्यांनीच धावत आणून बसवली." सगळे हसले. मला वांग्याची भाजी दोनदा वाढली. एवढी खरी पावती मला दुसऱ्या कुठल्या गिऱ्हाइकानं दिली नाही.

महिन्याभरानं सर एकटेच बसनं आले. इकडचं तिकडचं बोलले. मग खुर्ची जवळ ओढली.

"काशिनाथराव, एक विचारू? तो तिसरा... थोडा ढिला करता येईल का?"

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"गाडी उत्तम चालते," सर म्हणाले. "मलाही आता धीर आला आहे. पण विमलला गाडीत काही काम उरलं नाही. पूर्वी तिचं लक्ष दांड्याकडं असायचं. आता रस्त्याकडं असतं. मी ब्रेक उशिरा लावतो, वळण मोठं घेतो, हॉर्न कमी वाजवतो, सगळं तिला दिसतं. राजूरपासून जालन्यापर्यंत माझी तोंडी परीक्षा चालते. अगदी थोडासा ढिला. अधूनमधून निसटेल इतपत."

"सर, तेवढा ढिला व्हायला अकरा वर्षं लागतात."

त्यांनी निराशेनं मान हलवली. मग हळूच म्हणाले, "आणि ती गाडी चालवायला शिकते म्हणते. या वयात."

त्यांना नको होतं, हे उघड होतं. मला विचारलं असतं तर मीही तेव्हा नकोच म्हणालो असतो. सिस्टरांनी दोघांनाही विचारलं नाही. शिकाऊ लायसन्स काढलं, ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर शिकल्या, परीक्षा दिली आणि पास झाल्या. हे मला कळलं ते असं : एका मंगळवारी सकाळी गॅरेजसमोर पांढरी गाडी येऊन उभी राहिली. उजवीकडून सिस्टर उतरल्या. डावीकडची सीट रिकामी.

"सर?"

"मागून बसनं येऊन राह्यलेत. म्हणाले, दोघं एका गाडीत नको, मनीषासाठी एक जण तरी राहायला पाहिजे."

ऑइल बदलायचं होतं. मी बदललं. आता मी काम संपल्यावर मोजतो. ट्रेशेजारी खडूनं आकडा लिहून ठेवतो आणि कुणी गप्पा मारायला आलं तर हात पुसून बाजूला होतो. सिस्टरांनी तो खडूचा आकडा पाहिला आणि सावकाश सगळा ट्रे बघून घेतला.

तासाभरानं सर आले. सिस्टरांना काही न विचारता थेट गाडीकडं गेले. पुढचा बंपर पाहिला, दोन्ही बाजूंचे दरवाजे पाहिले, वाकून मागची बाजू पाहिली. कुठं ओरखडासुद्धा नव्हता. त्यांना आनंद झाला का वाईट वाटलं, मला सांगता येणार नाही. ते तसेच हात पाठीमागं बांधून उभे राहिले.

"पाचची बस आहे," ते म्हणाले.

"तुमची मर्जी," सिस्टर म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. इंजिन चालू झालं. सर बसस्टँडच्या दिशेनं चार पावलं गेले, थांबले, परत आले आणि डावीकडचं दार उघडून बसले.

गाडी निघाली. माझं काम आता बघायचं कमी आणि ऐकायचं जास्त, म्हणून मी दारात उभा राहून ऐकलं. पहिला हलक्या हातानं पडला. दुसराही. गल्लीच्या टोकाला तिसरा पडला, जरासुद्धा किरकिर नाही, आणि वळणावर गाडी दिसेनाशी झाली तरी सरांचा आवाज येतच होता, "ब्रेक! अगं, ब्रेक! विमल, हॉर्न कोण वाजवणार?"

सिस्टरांनी हॉर्न वाजवला. चांगला लांबलचक.